रविवारच्या ब्रंचसाठी मिमोसा: ग्रुपवर झालेली चर्चा

अमोल: मंडळी, रविवारी आमच्याकडे ब्रंच आहे. मिमोसा करायचं डोक्यात आहे, म्हणजे संत्र्याचा रस आणि स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाइन. वाइन घेणारे बारा जण धरलेत. कुणी केलंय का आधी? प्रमाण काय ठेवू, बाटल्या किती लागतील? आणि संत्र्याचा रस शनिवारी रात्रीच काढून ठेवला तर चालेल ना?

राधिका: केलंय बरेचदा, सांगते. रात्री रस काढू नकोस अमोलदादा, हे सगळ्यात आधी. लोक बाटली निवडताना डोकं खपवतात आणि रस मात्र पाकिटातला ओततात. अर्धा ग्लास रसच असतो, मग त्याच्याकडे दुर्लक्ष करून कसं चालेल? संत्र्याचा रस काढून ठेवला की हळूहळू कडवट होतो, नेव्हल जातीच्या संत्र्यांचा तर हमखास. फळात नसलेला लिमोनिन या कडू द्रव्याचा कडूपणा रस काढल्यावर तयार होत जातो. सकाळी काढ, बारीक गाळणीतून गाळ आणि झाकून फ्रिजमध्ये ठेव.

शिरीष काका: गाळायचा कशाला? चोथ्यातच तर सत्त्व असतं.

राधिका: एरवी तुमचंच बरोबर आहे काका. पण इथे चोथ्याच्या कणाकणावर वायू गोळा होतो. वाइन ओतली की फेस भसकन वर येतो, ग्लासाबाहेर सांडतो आणि उरलेल्यात बुडबुडेच राहत नाहीत. चोथा नाश्त्याच्या रसात राहू द्या, मिमोसाचा तेवढा गाळून घ्यायचा.

अमोल: बरं, आणि प्रमाण?

राधिका: आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या यादीत ७५ मिली रस आणि ७५ मिली वाइन असं निम्मं-निम्मं दिलंय. लंडनच्या बक्स क्लबचं बक्स फिझ याचंच भावंड, त्यात दोन भाग शॅम्पेनला एक भाग रस. मी संत्रं चाखून ठरवते. गोड असेल तर एकास दोन, आंबट असेल तर निम्मं-निम्मं.
बारा जण, प्रत्येकी दोन ग्लास म्हणजे २४ ग्लास. निम्म्या प्रमाणाने १.८ लिटर वाइन झाली, म्हणजे ७५० मिलीच्या जवळजवळ अडीच बाटल्या. तीन आण. रसही १.८ लिटर. मध्यम संत्र्याचा ६०-७० मिली रस निघतो, तेव्हा तीसेक संत्री लागतील. हे काम एकट्यावर घेऊ नकोस, सकाळी दोघं-तिघं बोलाव.

तेजस: मी येतो रस काढायला. पण एकेक ग्लास भरत बसण्यापेक्षा मोठ्या जगमध्ये सगळं एकत्र करून ठेवलं तर?

राधिका: नको रे. जगमध्ये ओतताना बराच वायू जातो, टेबलावर राहून उरलेला जातो. पाव तासाने ते नुसतं वाइन मिसळलेलं सरबत होतं. रसाचा जग ठेव, बाटली शेजारी ठेव, ज्याचा त्याने ग्लास भरावा. त्यात एक फायदाही आहे, ज्याला कमी घ्यायचीय त्याला कमी घेता येते.

शिरीष काका: माझ्याकडे भेट आलेली शॅम्पेन पडून आहे. ती आणू का?

राधिका: काका, ती तुम्ही घरी नुसतीच प्या! शॅम्पेनला बाटलीत महिनोन् महिने यीस्टवर ठेवल्यामुळे पावासारखा, बदामासारखा नाजूक स्वाद येतो. लिटरमागे ८० ग्रॅमच्या पुढे साखर असलेल्या रसात तो साफ बुडतो. मिमोसाला स्पेनची कावा किंवा इटलीची प्रोसेको, यांपैकी कुठलीही स्पार्कलिंग वाइन पुष्कळ झाली. प्रोसेकोचं बुडबुडे आणणारं दुसरं आंबवणं मोठ्या बंद टाकीत होतं, म्हणून तिच्यात फळाचा वास ताजा राहतो आणि रसाशी तिचं जमतं.
फक्त लेबल नीट बघा. ‘ब्रूट’ म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, तीच घ्यायची. ‘एक्स्ट्रा ड्राय’ला नावावरून फसायला होतं, ती ब्रूटपेक्षा गोड असते, १२ ते १७ ग्रॅम. रस गोड आणि वाइनही गोड झाली की दुसरा ग्लास कुणी मागत नाही.

अमोल: ग्लासात आधी काय ओतू? यावरून घरात वाद झालाय.

राधिका: दोन्ही पद्धती चालतात. त्या संघटनेच्या कृतीत आधी रस आहे. मी आधी वाइन घेते. ग्लास तिरका धरून कडेने हळू ओतायची, फेस खाली बसू द्यायचा, मग वरून रस. रस जड असल्यामुळे आपोआप खाली उतरतो आणि चमचा लावावा लागत नाही. ढवळलंस तर बुडबुडे घालवलेस असं समज.
मात्र वाइन, रस, ग्लास तिन्ही गार हवेत. वायू थंड द्रवात टिकतो, कोमट द्रवातून पळतो. बाटली चारेक तास फ्रिजमध्ये, किंवा बर्फ आणि पाणी दोन्ही घातलेल्या बादलीत अर्धा तास. नुसत्या बर्फात बाटलीला सगळीकडून गारवा लागत नाही, पाणी घालाच. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर फुटू शकते. आणि ग्लासात बर्फ नको, पाणी होतं. हवीच असतील तर गोठवलेली द्राक्षं टाका.

सुधा काकू: बूच उडवताना जपून रे मुलांनो. मला त्या आवाजाचीच धास्ती वाटते.

राधिका: काकू, तुमची काळजी रास्त आहे. शॅम्पेनच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. अमोलदादा, बाटली गारच असू दे आणि हलवू नकोस. बुचावरची तार सैल करायला सहा अर्धे वेढे लागतात. ती सैल केल्या क्षणापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही. वरून रुमाल टाक, बाटली तिरकी आणि माणसांपासून दूर धर. मग बूच घट्ट धरून खालून बाटली फिरव. बूच आपणहून वर येऊ लागतं, त्याला उलट दाबून थोपवत सोडायचं. फुस्स एवढाच आवाज झाला की बरोबर उघडली.

सुधा काकू: आणि आम्ही न घेणाऱ्यांनी काय करायचं? दर वेळी आमच्या हातात नुसतं सरबत देता.

राधिका: या वेळी नाही काकू. तोच गाळलेला रस, तेवढाच गार सोडा आणि त्यात अर्धा चमचा लिंबू. वाइनचा आंबटपणा सोड्यात नसतो, तो लिंबाने येतो. वरून संत्र्याच्या सालीची पातळ चकती पिळायची, सालीतलं तेल वर तरंगतं आणि पहिला घोट घेताना सुरेख वास येतो. ग्लासही सगळ्यांसारखाच उंच. ‘अल्कोहोल काढलेली’ वाइन मिळते, पण तिच्यात बऱ्याचदा ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल उरतं. थेंबही नको असेल तर सोडाच बरा.

सुधा काकू: हे छान सुचवलंस. साली मी काढून आणते.

तेजस: सगळं संत्र्याचंच? दुसरं काही?

राधिका: बेलिनी कर ना! व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये जुझेप्पे चिप्रियानीने बसवलेलं. पांढऱ्या पीचचा गर ५० मिली आणि प्रोसेको १०० मिली. गर हवेने तपकिरी पडतो, म्हणून वाटतानाच थोडं लिंबू घाल आणि गाळ. हा गर दाट, तळाशी बसतो, म्हणून इथे मात्र लांब चमच्याने एकदा अलगद खालून वर उचलावं लागतं. पीचऐवजी स्ट्रॉबेरी घातली की रोसिनी, डाळिंबाचा रस घातला की तिंतोरेत्तो. मला डाळिंबाचं सगळ्यात आवडतं, किंचित तुरटपणामुळे तोंड गुळचट होत नाही.

शिरीष काका: मी ग्रेपफ्रूट आणणार होतो.

राधिका: चवीला उत्तमच लागतं काका. पण कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांशी ग्रेपफ्रूटचं जमत नाही, औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. तुमच्या गोळ्या चालू आहेत ना? डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. टेबलावर ठेवलंत तर जगवर ठळक चिठ्ठी लावा.

अमोल: शेवटचं विचारतो. बाटली उरली तर तोंडात चमचा अडकवून ठेवायची ना?

राधिका: चमच्याने बुडबुडे काही टिकत नाहीत. स्पार्कलिंग वाइनसाठी घट्ट बसणारं झाकण मिळतं, ते लावून फ्रिजमध्ये उभी ठेव. दुसऱ्या दिवशीपर्यंत बऱ्यापैकी टिकते. आणि तिसरी बाटली दुसरी संपल्याशिवाय उघडूच नकोस.

अमोल: ठरलं. तेजस, सकाळी आठला ये. काकू, साली तुमच्याकडे. काका, गाळणी तुमची मोठी आहे, ती लागेल.