५६००एक्स : सिनेबेंचला पास, यूट्यूबला रिस्टार्ट

रेंडरवाला_अकोला

नमस्कार मंडळी. प्रोसेसर एएमडी रायझन ५ ५६००एक्स, बी५५० मदरबोर्ड, सोबत आलेला कूलर काढून १२० मिमी पंख्याचा टॉवर बसवलाय. रॅम ३६००. काम ब्लेंडरचं (थ्रीडी रेंडरिंग), रात्री थोडं गेमिंग. एका व्हिडिओत बघून पीबीओ (प्रोसेसरच्या मर्यादा सैल करणारी सोय) चालू केलं: लिमिट ‘मदरबोर्ड’, बूस्ट +२०० मेगाहर्ट्झ, कर्व्ह ऑप्टिमायझर (कोरचं व्होल्टेज कापणारी सेटिंग) ऑल कोर −३०. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला ताण देणारी चाचणी) दहा मिनिटं बिनबोभाट चालतं, तापमान ८८-९०. पण रेंडर संपवून नुसतं यूट्यूब लावलं की स्क्रीन काळी, मशीन रिस्टार्ट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद), आयडी १८, आणि एपीआयसी आयडी (चुकलेल्या थ्रेडचा क्रमांक) बहुतेक वेळा ४. लोडवर टिकतं नि रिकामं असताना पडतं, हे काय गौडबंगाल? एआयओ (पाण्यावर चालणारा कूलर) घेऊ का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पिक्सेलराव

एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदल. माझ्याकडे सेम झालं होतं.

खटपट्या

एसएमपीएस नाही आणि एआयओचे पैसेही खिशातच ठेव. सप्लाय कमी पडत असता तर रेंडरच्या वेळी आधी रडला असता. इथे बहुतेक वेळा तोच कोर नाव सांगतोय, म्हणजे बोट कर्व्हकडे जातं.

सहाही कोर राबतात तेव्हा चिप वीज आणि तापमानाच्या मर्यादेत अडकलेली असते. क्लॉक साडेचार गिगाहर्ट्झच्या आगेमागे, व्होल्टेज बेताचं. यूट्यूबला मात्र एखादाच कोर क्षणभर उठतो, बाकीचे झोपलेले. मोकळं रान मिळाल्यावर तो ४.८५ कडे धावतो (मूळचे ४.६५, वर तुझे २००). कर्व्हचा एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. −३० म्हणजे तू ९० ते १५० मिलिव्होल्ट कापलेस, आणि वर क्लॉक वाढवून मागितलास. सिनेबेंचची मल्टी-कोर टेस्ट त्या टोकाला जातच नाही, मग पास होईल नाही तर काय.

‘ऑल कोर −३०’ सांगणारे व्हिडिओ मला मुळातच पटत नाहीत. बेंचमार्कचा आकडा दाखवला की त्यांचं काम संपलं, रात्रभर रेंडर लावून झोपायचंय ते तुला. एका चिपमधले कोर सारखे नसतात. रायझन मास्टरमध्ये (एएमडीचं सॉफ्टवेअर) ज्यांच्यावर चांदणी दिसते ते उत्तम कोर, आणि गंमत म्हणजे कापायला कमी वाव त्यांच्यातच असतो, कारण कारखान्यातूनच ते कमी व्होल्टेजवर पळतात. मठ्ठ कोर पुष्कळदा −२५, −३० सोसून घेतात. एका कोरचे दोन थ्रेड, म्हणून एपीआयसी आयडी ४ म्हणजे शून्यापासून मोजलं तर कोर २. त्यावर चांदणी निघणार, लाव पैज.

आधी बूस्ट +२०० काढून शून्य कर. कोर २ ला −८, दुसऱ्या चांदणीवाल्याला −१०, उरलेल्यांना −२०. मग कोअरसायकलर (कोर तपासणारं टूल), त्यात प्राइम९५ ही ताण-चाचणी एसएसई मोडमध्ये, रात्रभर. ते एकेका कोरला पाळीपाळीने पळवतं. एव्हीएक्सवर (जास्त जड गणिताचा मोड) क्लॉक खाली येतो, म्हणून एसएसईच. जो कोर चुकेल त्याला दोन-तीन आकडे परत दे. रिस्टार्ट होतंय हे एका परीने बरंच आहे. न पडता गणित चुकवणारी मशीन जास्त वाईट, फाइल बिघडलेली महिन्याने कळते.

आता उष्णता. मदरबोर्ड लिमिट म्हणजे चिपची स्वतःची ७६ वॅटची पीपीटी (एकूण विजेची मर्यादा) बाजूला सारून बोर्डवाल्याचे ऐसपैस आकडे. वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, त्यामुळे शेवटचे शंभर मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग. हे ९० अंश कधीचे आहेत? हिवाळ्यातले असतील तर मे महिन्यात मेलास. खोली जितकी तापेल जवळपास तेवढीच चिप वर सरकते, आणि ९५ ला ती स्वतःच क्लॉक पाडते. पीपीटी ७६, टीडीसी ६०, ईडीसी ९० (शेवटच्या दोन करंटच्या मर्यादा) वर परत ये. कर्व्हने वीज वाचते, तीच चिप मर्यादेच्या आत राहून क्लॉकला लावते. ब्लेंडरमध्ये फरक जाणवणारही नाही.

लॅमिंग्टनचा_जुना_गिऱ्हाईक

खटपट्याशी सहमत. एक भर: कर्व्हला हात लावण्याआधी एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने पळवणारी सेटिंग) बंद करून एक दिवस काढा. रॅम ३६०० ला असली की फॅब्रिक (चिपच्या आतला जोडमार्ग) १८०० वर चालतं, आणि तिथली गडबडही डब्ल्यूएचईएमध्येच उमटते (बहुधा आयडी १९, पण खात्री केलेली बरी).

अवांतर: १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर आठवला. बसचा वेग ६६ वरून १०० केला की ३०० चा ४५० मेगाहर्ट्झ, फुकटात. आता कंपन्याच चिप काठोकाठ पळवून विकतात, आपल्याला खरवड उरते.

रेंडरवाला_अकोला

खटपट्यादादा, पैज जिंकलात, कोर २ वर चांदणी आहे. एक्सएमपी बंद ठेवूनही पडलं, म्हणजे रॅम सुटली. तुमचे आकडे टाकले, कोअरसायकलरने कोर ५ वर एरर दिली, त्याला −१७ केलं. त्यानंतर यूट्यूब, रेंडर दोन्ही गप चालू आहेत. तापमान ७४, पण हे जानेवारीतलं. खोलीत एसी नाही, खसाच्या ताट्यांचा कूलर आहे. उन्हाळ्यात कॅबिनेट त्याच्या झोतात ठेवलं तर चालेल का? पाणी धरेल अशी भीती वाटते.

खटपट्या

दव नाही धरणार, तुझे पार्ट त्या हवेपेक्षा गरमच असतात. त्रास तुषारांचा आणि खसाच्या बारीक काड्यांचा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर पंख्यावर बसतो तो निघता निघत नाही. झोतापासून बाजूला ठेव, समोरच्या जाळीला धुता येणारा फिल्टर लाव, आणि समोरची खिडकी उघडी असू दे, नाहीतर खोली नुसती दमट होते. मे मध्ये ८५ च्या वर जायला लागलं तर बायोसमध्ये ४५ वॅटचा इको मोड आहे, पीपीटी ६१. रेंडर थोडा लांबेल, पण पंख्याच्या आवाजाने घरातले उठणार नाहीत.