१९२७ विरुद्ध १९९८ यँकीज: निकाल पटला नाही

न्यू यॉर्क यँकीज या बेसबॉल टीमच्या १९२७ च्या संघाने त्यांच्याच १९९८ च्या संघाला कॉम्प्युटर सिम्युलेशनमधल्या मालिकेत ४-२ ने हरवलं हे वाचलं, पण मला नाही पटत. असे गेम शक्यतो खेळाडूला त्याच्या काळाच्या सरासरीशी ताडून बघतात आणि १९२७ च्या बेब रूथने ६० होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर) मारले त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या टीमचे मिळूनही तेवढे नव्हते, मग तो राक्षसच दिसणार ना! पण ते ६० कोणासमोर? १९४७ ला जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मेजर लीगची, म्हणजे सर्वोच्च बेसबॉल लीगची, दारं कृष्णवर्णीयांना बंद होती, सॅचेल पेजसारखा पिचर (बॉल टाकणारा) तेव्हा कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये होता, म्हणजे रूथला लीगमध्ये तो कधी खेळावाच लागला नाही. शिवाय सगळ्या मॅचेस दिवसा, आणि शेवटच्या इनिंगला बऱ्याचदा तोच दमलेला स्टार्टर, म्हणजे सुरुवातीपासून टाकणारा पिचर. इथे नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला १९९८ वाल्यांचा ताजा पिचर रिव्हेरा येणार, रूथ आणि त्याचा साथीदार गेरिग दोघंही डावखुरे, आणि रिव्हेराचा कटर (उशिरा थोडा वळणारा वेगवान बॉल) डावखुऱ्याच्या अंगावर आत वळतो, बॅटच्या मुठीजवळ लागतो आणि बॅट फुटते. असला बॉल त्या दोघांनी रोज कुठे बघितला होता? माझ्या मते १९९८ वाले सहा मॅचमध्ये जिंकतात. दोन्ही टीम एकाच काळाच्या सेटिंगवर टाकून परत चालवा ना प्लीज, आणि रिव्हेराला दोन इनिंग द्या.