अनुभव धागा: नदीच्या पात्रानं पायी जाऊन सापडलेले डोह

काल लेकीच्या भूगोलाच्या पुस्तकात रांजणखळग्यांचं चित्र दिसलं आणि वाघूर नदी आठवली. अजिंठ्याला लोक लेणी बघतात आणि फर्दापूरची बस धरतात. वाघूर लेण्यांच्या वरच्या अंगाला टप्प्याटप्प्यानं उड्या घेत उतरते, ते सातकुंड. खालून सगळी कुंडं दिसत नाहीत. आम्ही लेणापूरकडून एका गुराखी मामांच्या मागं गेलो होतो. मामांचा हिशोब सोपा: चैत्रात सगळं रान वाळलेलं असताना करंज, उंबर हिरवेगार दिसले की समजायचं, खाली पाणी आहे. गुरांच्या वाटाही तिकडंच वळतात. पुरात दगडगोटे भोवऱ्यात अडकून गरगर फिरतात आणि काळा पाषाण कोरत जातात, हे शाळेत पाठ केलेलं तिथं हात घालून कळलं. खळग्याच्या तळाशी गुळगुळीत गोटे अजून पडलेले!
तुमचे डोह सांगा.

– सातकुंड!!! पुढचं वाचलंच नाही अजून. कुकर लावलाय, येते.

– बीड जिल्ह्यातलं सौताडा. विंचरणा नदी. पायऱ्या उतरून रामेश्वराचं दर्शन, धबधब्याचे फोटो, की लोक परत. आम्ही पोरं पात्रानं खाली निघालो. वळण घेतलं की गर्दीचा आवाज बंद, पुढं डोह. पाय सोडून बसलो तर मासे लई गुदगुल्या करायले.

– @सौताडा, मासे नंतर जिवंत होते ना? 😂

– वेरूळला २९ नंबरच्या लेण्याजवळ सीतेची न्हाणी सगळ्यांना माहितीय. येळगंगेच्या वरच्या अंगाला गणेश लेण्यांकडं जा, तिकडंही कुंडं आहेत. पण पावसाळ्यात नको. वर म्हैसमाळच्या बाजूला पाऊस पडला की इथं कोरडं असताना लोंढा येतो. शेवाळावर चप्पल तर अजिबात नको.

– आमचा डोह मांजरा नदीकाठचा. आजी म्हणायची, सात बाजांची दोरी सोडली तरी तळ लागत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात तळ लागला. भेगाळलेला गाळ, एक फुटकी घागर आणि कुणाकुणाच्या चपला. आजी बघायला आलीच नाही. म्हणाली, मला नका सांगू.

– @मांजरा 🙏 आमच्या बोअरलापण त्या साली नुसती हवा.

– आता भरलाय का तुमचा डोह?

– भरतो की. पण वाळू उपसल्यानं काठ ढासळलाय, पोरांना एकटं सोडत नाही.

– गौताळा अभयारण्यात कुणी गेलंय का, कन्नडहून? लहान लेकरं घेऊन जमेल?

– तिथल्या सीतान्हाणीपर्यंत जमेल, वेरूळची वेगळी. डबा घेऊन जा, आत काही मिळत नाही. धपाटे न्या, दिवसभर टिकतात.

– दह्यात भिजवलेले की पाण्यात?

– दह्यात. आणि लसूण जास्त.

– कुकर झाला. आता वाचते. धपाटे कुठून आले मधेच?