नवऱ्यासाठी पहिली गिअरची गाडी: त्याच्या मनातली की माझ्या?

साइडस्टँड:

बारा वर्षं मी मोटारसायकल चालवतेय आणि नवरा मागे बसतो. बघणाऱ्यांना गंमत वाटते, त्याला काहीच वाटत नाही. रस्ताभर मला झाडं आणि पक्षी दाखवत असतो, मी खड्डे बघत असते. आता त्रेचाळिसाव्या वर्षी साहेबांनी जाहीर केलंय की मलाही शिकायचंय, आणि शिकल्यावर स्वतःची गाडी हवी.

उंची १६३ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. सायकल उत्तम चालवतो. बिनगिअरची स्कूटर कॉलेजपासून, कारही चालवतो. मोटारसायकलला मात्र कधी हात लावलेला नाही.

माझी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे. दोन रविवार रिकाम्या मैदानावर तिच्यावरच शिकवायचा प्रयत्न केला. पहिल्या रविवारी गाडी दोनदा आडवी झाली, दोन्ही वेळा थांबताना. दुसऱ्या रविवारी मी ओरडले, "क्लच सोड!" म्हणजे हळूहळू सोड. त्याने आज्ञाधारकपणे लिव्हर फटकन सोडून दिला. गाडीने उडी मारली आणि बंद पडली. घरी येईपर्यंत आम्ही बोललो नाही.

त्याला हवी आहे त्याच कंपनीची मीटिओर ३५०. शोरूममध्ये बसला तेव्हा दोन्ही टाचा टेकल्या (सीट ७६५ मिलिमीटर), झालं, तिथेच जीव जडला. शिवाय ती धडधड! माझं मत, आधी १२५ किंवा १५० ची घ्यावी. त्यावर म्हणतो, "स्वतः ३५० चालवतेस आणि मला तीनचाकी देतेस." वाढदिवस जवळ आलाय. गुपचूप एखादी छोटी गाडी आणून दारात उभी करावी असं मनात आहे. करू का?

पाचवा गिअर:

मोठीच घ्या. छोटी घ्याल, सहा महिन्यांत कंटाळेल, परत विकायची, परत दुसरी घ्यायची. मी थेट काकांच्या बुलेटवर शिकलो. दोनदा पडलो, काही झालं नाही. माणूस शिकतो.

चवड्यावर:

@पाचवा गिअर, काही झालं नाही म्हणजे नेमकं काय?

पाचवा गिअर:

घोटा. पण तो माझ्याच चुकीने.

हाफक्लच:

ताई, मी काही वर्षं नवशिक्यांना मैदानावर शिकवलंय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

वाढदिवसाचा बेत आधी रद्द करा. चप्पल कोणी दुसऱ्याच्या पायाने घेत नाही. तुम्ही निवडलेली गाडी त्यांच्या हातून पहिल्यांदा पडेल ना, तेव्हा ती "तुझी ती गाडी" होईल, आणि जिन्याखाली धूळ खात पडेल. असं होताना मी पाहिलंय, बहुतेक वेळा नवऱ्याने बायकोला दिलेल्या गाडीचं. तुमच्याकडे उलट आहे एवढंच.

आता मीटिओर. टाचा टेकतात हे खरं आणि त्याने धीर येतो हेही खरं. पण टाचा टेकणं ही उभ्या गाडीची गोष्ट झाली. ती गाडी १९१ किलोची आहे, दोन चाकांमधलं अंतर १४०० मिलिमीटर, पाय पुढे ठेवून बसायचं. नवशिक्याची गाडी पडते ती वेगात नाही, चालण्याच्या वेगात: वळून उभी करताना, गेटातून बाहेर काढताना, उतारावर यू-टर्न घेताना. वेग आला की चाकं गाडीला बऱ्यापैकी सावरून धरतात. अगदी हळू असताना सगळा तोल तुमच्या हँडलवर आणि क्लचवर. तिथे सीसी मोजत नाही कोणी. किलो मोजले जातात.

ढोबळ हिशोब सांगतो. गाडीचा गुरुत्वमध्य हँडलच्या साधारण निम्म्या उंचीवर आहे असं धरा. १९० किलोची गाडी १० अंश कलली तर हँडलपाशी सोळा-सतरा किलोचा जोर लावावा लागतो. २० अंश कलली की बत्तीस. तेच १२० किलोच्या गाडीला दहा आणि वीस. वीस किलो चौसष्ट किलोचा माणूस दचकलेला असतानाही एका बाजूने पेलेल. बत्तीस नाही पेलणार. तुम्हाला बारा वर्षांच्या सवयीने गाडी दोन-तीन अंशांवर असतानाच कळतं, म्हणून तुमची १९५ किलोची तुम्हाला जड वाटत नाही. तुमचा अंदाज आणि त्यांचा अंदाज वेगळा पडतो तो इथे.

थांबताना दोनदा पडली म्हणालात. पैज लावतो, दोन्ही वेळा हँडल थोडं वळलेलं होतं आणि त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. गाडी जवळपास थांबलेली, हँडल वाकडं, पुढचा ब्रेक घट्ट, की गाडी वळलेल्या बाजूला बसते. शेवटच्या हातभर अंतरात हँडल सरळ, नजर समोर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर आणि डावा पाय खाली. एवढं एक जमलं तरी निम्मं पडणं संपतं. म्हणजे एकच पाय पुरतो. दोन्ही टाचा टेकण्याचा हट्ट सोडायला लावा.

आणखी एक, हे मला जास्त काळजीचं वाटतं. ते वर्षानुवर्षं बिनगिअरची स्कूटर चालवताहेत. स्कूटरवर डावा लिव्हर म्हणजे ब्रेक. मोटारसायकलवर तोच क्लच. दचकले की बोटं जुन्या सवयीने डावा लिव्हर ओढणार, इंजिन चाकापासून सुटणार आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी धावणार. कार चालवणाऱ्याला क्लच म्हणजे काय हे डोक्याने माहीत असतं, पण पायाने. हाताला ते नव्याने शिकवावं लागतं. म्हणून पहिल्या दिवशी गिअर बदलणं वगैरे काही नको. पहिल्या गिअरमध्ये चालवायचं आणि थांबायचं, पन्नास वेळा. कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला म्हणजे हाताला कळलं.

गाडीबद्दल: १२० ते १४० किलो, सीट ७८० ते ८०० च्या आसपास, हँडल सरळ आणि रुंद, गिअर पायाने एक खाली, बाकी वर टाकायचे. तुमच्या गाडीला तोच क्रम आहे, काही छोट्या गाड्यांत सगळे एकाच दिशेला असतात. घरात दोन पद्धती नकोत. १२५ च्या पुष्कळ गाड्यांत एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) नसतं, त्याऐवजी एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो. दीडशेच्या वर्गात निदान पुढच्या चाकाला एबीएस मिळतं. माझं मत एबीएसकडे. दचकलेला माणूस पुढचा ब्रेक मुठीने आवळतो, दोन बोटांनी नाही.

आणि जुनी घ्या. पडणारच आहे.

शेवटचं, राग मानू नका: शिकवणारी व्यक्ती तुम्ही नको. "क्लच सोड" या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात हे अनोळखी माणसाकडून ऐकताना हसू येतं, बायकोकडून ऐकताना अपमान होतो. मी शिकवताना "सोड" हा शब्दच वापरत नाही. "धर" आणि "ढिला कर".

चवड्यावर:

हाफक्लच यांना +१, एका दुरुस्तीसह. सीटची उंची कागदावरची बघू नका. माझी उंची १५२ आणि मी ७९० ची गाडी चालवते, कारण तिची सीट पुढे अरुंद आहे. ७७० ची पण रुंद सीटची एक गाडी होती, तिच्यावर मांड्या फाकून माझे चवडेही टेकेनात. शिवाय कागदावरचा आकडा रिकाम्या गाडीचा असतो, माणूस बसला की सस्पेन्शन दोन-तीन सेंटिमीटर खाली जातं.

पायाची आतली उंची घरी मोजता येते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुस्तक मांड्यांमध्ये आडवं धरून वर घट्ट लावायचं, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. हा आकडा सीटपेक्षा थोडा कमी आला तरी घाबरू नका. मात्र शोरूममध्ये बसताना रोजचे चालवायचे बूट घालून जा. स्पोर्ट्स शूज आणि जाड तळाचे बूट यांत सहज दीड-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो.

बसल्यावर नुसते पाय टेकून बघू नका. साइड स्टँडवरून गाडी सरळ करायची, उतरून हँडल धरून दहा पावलं मागे ढकलायची, परत स्टँडला लावायची. ज्या गाडीला हे करताना दातओठ खावे लागतात ती नको. क्लच लिव्हरही पन्नास वेळा दाबायला लावा. लहान हाताला जड क्लच म्हणजे वीस मिनिटांत मनगट गेलं.

सीट खाली आणायला मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गाडीच खाली करू नका, निदान पहिल्या वर्षी. मी केलं होतं. जमिनीपासूनची उंची कमी होते, वळणं वेगळी लागतात, आणि साइड स्टँड पूर्वीइतकाच लांब राहिल्यामुळे गाडी इतकी ताठ उभी राहते की मांजर घासलं तरी पलीकडे पडेल. सीटचा फोम थोडा कापून घेणं बरं.

हेल्मेट तुमचं जुनं देऊ नका. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजून त्यांचं वेगळं घ्या. गालाला घट्ट हवं, इतकं की हेल्मेट हलवलं तर गालाची कातडी सोबत हलली पाहिजे.

पाचवा गिअर:

मांजराची गोष्ट खरी आहे का?

चवड्यावर:

मांजर नव्हतं. वारा होता.

साइडस्टँड:

उशिरा लिहितेय, पण सविस्तर.

हाफक्लच, पैज जिंकलात. त्याला विचारलं, दोन्ही वेळा हँडल डावीकडे होतं. वाढदिवसाचा बेत सोडला आणि त्याला हा सगळा धागा वाचायला दिला. "बायकोकडून ऐकताना अपमान होतो" या वाक्यावर तो खूप वेळ थांबला. मीही.

एका दुपारी सहा गाड्यांवर बसून आलो. मी ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही, आणि ते गाडी पडू न देण्यापेक्षा अवघड निघालं. मीटिओरवर बसला, चेहरा खुलला. मग उतरून दहा पावलं मागे ढकलायला सांगितलं. सहाव्या पावलाला गाडी पलीकडे कलायला लागली, तिथल्या मुलाने धरली. त्याने काही न बोलता स्टँड लावला. मग यामाहाच्या एफझी-एसवर बसला, दीडशेच्या वर्गातली. १३५ किलोच्या आसपास, सीट ७९०. टाचा टेकल्या नाहीत, चवडे टेकले, पण मागे ढकलताना एकदाही हँडल हातातून गेलं नाही. मला वाटलं होतं होंडाची शाइन १२५ घेईल, ती अजून हलकी आहे. पण एबीएसचा मुद्दा त्याने माझ्यापेक्षा मनावर घेतला होता.

तीच घेतली, जुनी. टायरवरचे चार आकडे बघून: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागचा टायर म्हातारा निघाला, तो लगेच बदलला. लेग गार्ड बसवून घेतलं. शिकायला तो शनिवारी सकाळी एका शिकवणाऱ्याकडे जातो आणि मी घरी बसून घड्याळ बघते.

काल पार्किंगमध्ये पडली. मी वरून आवाज ऐकला आणि गेले नाही. त्याला उचलायची पद्धत शिकवलीय: इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये टाकायची, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवायची, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांड्याला, आणि पाठीने न उचलता पायांनी मागे मागे चालत जायचं. पाच मिनिटांनी फोन आला, "खाली ये." मला वाटलं मदत हवी. गाडी उभी होती. त्याला मला लेग गार्डवरचा ओरखडा दाखवायचा होता.

आता एकच प्रश्न. त्याच्या मागे मी कधी बसायचं?

हाफक्लच:

इतक्यात नको. मागे माणूस म्हणजे ५०-६० किलो, उंचावर, आणि हलणारे. थांबताना तेच वजन आधी बाजूला ओढतं. एकट्याने हजार किलोमीटर होऊ दे, त्यात पाऊस आणि रात्र दोन्ही आले पाहिजेत. आणि तुम्ही मागून बोलणार नसाल तर.

साइडस्टँड:

हजार किलोमीटर चालेल. न बोलण्याचं नक्की सांगता येत नाही, मी झाडं दाखवेन.