थँक्सगिव्हिंग ते ख्रिसमस: पॉवर टूल्सच्या सेलमध्ये नेमकं काय उचलावं?

नवागडी:
मंडळी, नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या होम डेपो आणि लोव्ज या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांच्या दारातच टूल्सचे डोंगर रचलेले असतात. मला ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू बसवणारं मशीन) आणि सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत) हवी आहे. कामं अशी: भिंतीत शेल्फ, डेकच्या (घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याच्या) दहा-बारा फळ्या बदलणं, गराजमध्ये टू-बाय-फोरचं (नावाला दोन बाय चार इंची लाकडाचं) रॅक आणि त्याच गराजच्या काँक्रीट भिंतीत पाच-सहा भोकं. बजेट टॅक्स धरून ३०० डॉलर. एकही बॅटरी आधीची नाही, म्हणजे कोणत्याही ब्रँडशी लग्न झालेलं नाही.

ब्लॅक फ्रायडेपर्यंत (थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारपर्यंत) थांबू का? पाच टूल्सचा कॉम्बो घ्यावा का? आणि ‘बॅटरी घ्या, टूल फुकट’ यात मेख काय आहे?

गिरमिट:
ब्रँडशी लग्न झालेलं नाही म्हणता, तर या खरेदीत ते होणार आहे हे धरून चला. टूल दुय्यम, बॅटरी मुख्य. डीवॉल्टची बॅटरी मिलवॉकीत बसत नाही, मिलवॉकीची रायोबीत बसत नाही. पुढची दहा वर्षं तुम्ही नुसती टूल्स घेत राहाल आणि ती याच बॅटरीवर चालतील. म्हणून आधी दुकान बघा. रायोबी आणि रिजिड होम डेपोत मिळतात, कोबाल्ट लोव्जचा. डीवॉल्ट दोन्हीकडे. जे दुकान जवळ, त्याच्याकडे जे कायम असतं ते घेणं सोयीचं.

‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ या भांडणात पडू नका. दोन्हींत लिथियमचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात, ३.६ गुणिले ५, म्हणजे १८. पूर्ण चार्ज केल्या केल्या तोच पॅक २० च्या वर दाखवतो. एकाने सरासरी छापली, दुसऱ्याने शिखर छापलं, इतकंच. बघायचा आकडा अँपियर-आवर, म्हणजे पॅकमध्ये किती चार्ज मावतो ते. २ अँपियर-आवरचा पॅक ३६ वॉट-आवर, ५ चा ९०.

आता खोक्यावरचा मॉडेल नंबर वाचायला शिका, कारण सेलमधली निम्मी फसगत तिथेच होते. डीवॉल्टमध्ये सुरुवातीची अक्षरं टूल सांगतात: डीसीडी म्हणजे ड्रिल, डीसीएफ म्हणजे इम्पॅक्ट, डीसीएस म्हणजे करवत. शेवटची अक्षरं बॅटरी सांगतात. ‘बी’ असेल तर नुसतं टूल, ना बॅटरी ना चार्जर. ‘सी२’ म्हणजे सगळ्यात छोट्या दोन, १.३ किंवा १.५ च्या. ‘डी२’ म्हणजे २ अँपियर-आवरच्या दोन, ‘एम’ म्हणजे ४, ‘पी’ म्हणजे ५. म्हणजे तेच ड्रिल ‘सी२’ आणि ‘पी१’ अशा दोन खोक्यांत असेल, तर एका बॅटरीचं खोकं दोन बॅटऱ्यांच्या खोक्यापेक्षा भारी ठरू शकतं. मिलवॉकीत आकडा शेवटी येतो: ‘-२०’ नुसतं टूल, ‘-२१’ एक बॅटरी, ‘-२२’ दोन, आणि मागे ‘सीटी’ असेल तर त्या दोन्ही छोट्या. रायोबीत ‘बी’ म्हणजे नुसतं टूल, ‘के१’ किंवा ‘के२’ म्हणजे किट.

हे वाचता आलं की ‘४० टक्के सूट’ या पाटीकडे बघायची गरजच उरत नाही.

पटाशी:
‘टूल फुकट’ची मेख सांगतो. साधारण १९९ डॉलरचं स्टार्टर किट असतं, दोन बॅटऱ्या आणि चार्जर, आणि त्यावर यादीतलं एक नुसतं टूल फुकट. होम डेपोच्या पावतीवर मात्र टूलसमोर शून्य छापून येत नाही. सूट दोन्ही वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटली जाते. समजा किट १९९ चं आणि टूलही १९९ चं, तर पावतीवर दोन्ही ९९.५० ला लागतात. यातून दोन गोष्टी निघतात.

एक, यादीतलं सगळ्यात महाग टूल निवडा. १०० च्या ड्रिलपेक्षा २०० ची सॉ घेतली तर सूट दुप्पट. लोक खूश होऊन ड्रिल उचलतात, जे एरवीही स्वस्तात मिळतं.

दोन, बॅटरी नको असेल तर किट परत करता येतं आणि ९९.५० हातात येतात. टूल अर्ध्या किमतीत पडतं. अमेरिकेतल्या टूलवेड्यांमध्ये ही युक्ती जुनी आहे.

गिरमिट:
पटाशी, दुसरा मुद्दा नवागडींना सांगण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे एकही बॅटरी नाही त्याने बॅटरी परत करून काय टूलची पूजा करायची? शिवाय दर सेलला तसं करत राहिलं तर ती दुकानाच्या परतावा धोरणाची चेष्टा होते. धोरण बदललं की सगळ्यांचंच नुकसान. परताव्याची मुदत बहुतेक वस्तूंना ९० दिवस आहे, ती खरंच बिघाड निघाला तर वापरायला ठेवा.

पटाशी:
पूजा नको, मान्य. पण पावतीचं गणित त्यांना माहीत असायला हवं. टूल बिघडलं म्हणून परत केलं तर १९९ मिळणार नाहीत, ९९.५० च मिळतील. ‘फुकट’ टूल बदलून देताना तेच मॉडेल शिल्लक नसेल तर हीच पंचाईत होते.

काटकोन:
कॉम्बोबद्दल. पाच टूल्सच्या पिशवीत तीन कामाची आणि दोन भरताड असतात. टॉर्च हमखास असतो, कधी त्याच्या जोडीला छोटा ब्लोअर किंवा स्पीकर. भरताडापेक्षा वाईट गोष्ट अशी की पाच टूल्सना बॅटऱ्या दोनच, त्याही २ अँपियर-आवरच्या, आणि चार्जर एक. सॉ अशा पॅकवर टाकली की ओल्या किंवा जाड लाकडात मध्येच बंद पडते. चार्ज संपलेला नसतो. पाच सेलच्या एकाच रांगेतून तेवढा करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं आणि आतलं सर्किट पॅक तोडतं. ४ किंवा ५ च्या पॅकमध्ये बहुधा दोन रांगा समांतर असतात, भार वाटला जातो, म्हणून तीच सॉ त्याच्यावर नीट चालते.

आणखी एक बघायचं: पिशवीवर ‘ब्रशलेस’ (झिजणारे कार्बन ब्रश नसलेली मोटर) मोठ्या अक्षरात असतं, पण कधी कधी फक्त ड्रिल ब्रशलेस आणि सॉ ब्रशवाली. प्रत्येक टूलचा नंबर वेगळा शोधून बघा.

तुमच्या यादीसाठी माझं मत: कॉर्डलेस सॉ घेऊच नका. डेकच्या दहा फळ्या आणि एक रॅक, म्हणजे वर्षातून दोन-तीनदा वापर. वायरवाली ७¼ इंची, १५ अँपियरची सॉ साठ-सत्तर डॉलरला मिळते, बॅटरी म्हातारी होण्याचा प्रश्न नाही. फक्त एक्स्टेन्शन वायर जाड घ्या. ५० फुटांसाठी १२ गेज (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड). ख्रिसमसच्या दिव्यांची १६ गेजची वायर लावली तर व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि लोक म्हणतात सॉ खराब निघाली. कंपनीचं पातं बहुधा २४ दात्यांचं असतं, टू-बाय-फोरला ठीक. दिसणाऱ्या कडांसाठी ४० दात्यांचं वेगळं घ्या.

कॉर्डलेसच हवी असेल तर ६½ इंची पुरते. टू-बाय-फोरची खरी जाडी १½ इंच, आणि ६½ इंची सॉ ४५ अंशातही तेवढं कापते.

ओळंबा:
कधी घ्यायचं, यावर. ब्लॅक फ्रायडेच्या पहाटे रांग लावायचे दिवस गेले. टूल्सचे सौदे नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून लागतात आणि बरेचसे ख्रिसमसपर्यंत टिकतात. शुक्रवारी किंमत फारशी आणखी उतरत नाही, फक्त चांगली किट्स संपतात. म्हणून आवडलेला सौदा दिसला की घ्या, पावती ठेवा. नंतर तीच वस्तू त्याच दुकानात स्वस्त झाली तर ग्राहकसेवेच्या काउंटरवर फरक मागून बघा. नाही दिला तरी मुदतीत परत करून पुन्हा घेता येते. दुसरी संधी जानेवारीत, भेटवस्तूंची उरलेली किट्स कोपऱ्यात क्लिअरन्सला जातात तेव्हा. मात्र त्यात तुम्हाला हवं ते असेलच याचा भरवसा नाही. रायोबीचा मोठा सेल तसाही जूनमधल्या फादर्स डेच्या सुमारास असतो.

प्राइस मॅचवर, म्हणजे समोरच्या दुकानाची किंमत दाखवून तीच मागण्यावर, फार विसंबू नका. दोन्ही दुकानं मॅच करतात, पण तोच मॉडेल नंबर आणि समोरच्याकडे स्टॉकमध्ये असेल तरच. क्लिअरन्स आणि फुकट टूलच्या ऑफर त्यात बसत नाहीत. कंपन्यांनी यावर आधीच तोडगा काढलाय: जवळपास तीच वस्तू दोन नावांनी. डीवॉल्टचं मोठं हॅमर ड्रिल (फिरता फिरता ठोके देणारं) होम डेपोत ‘फ्लेक्सव्होल्ट अॅडव्हांटेज’ डीसीडी ९९९ आणि लोव्जमध्ये ‘पॉवर डिटेक्ट’ डीसीडी ९९८. नंबर वेगळा, त्यामुळे मॅच नाही. तुलना तुम्हालाच करावी लागते.

पिवळ्या क्लिअरन्स टॅगवर किमतीचा शेवट .०६ किंवा .०३ असेल तर पुढची घट कधी येईल, यावर नेटवर बरीच ज्योतिषं चालतात. त्या नादात वस्तू हातची घालवू नका.

ऑनलाइन घेताना ‘विक्रेता कोण’ ही ओळ वाचा. त्याच पानावर तिऱ्हाईत विक्रेता असू शकतो आणि मग वॉरंटीची खात्री राहत नाही. निम्म्या किमतीतली ‘सुसंगत’ बॅटरी तर अजिबात नको. आतले सेल कोणते आणि संरक्षण सर्किट आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि ती चार्जिंगला लावायची असते घरात.

नवागडी:
खूपच कामाचं. दोन खोकी नजरेत आहेत. डीसीडी ७७१ सी२, ९९ डॉलरला. आणि डीसीके २७७ सी२, ड्रिल आणि इम्पॅक्ट, १५० च्या आसपास. काँक्रीटच्या भोकांचं काय? यातल्या एकाने होतील?

गिरमिट:
७७१ दरवर्षी याच किमतीच्या आसपास येतं, सेलचं ते ठरलेलं पात्र आहे. ब्रशवाली मोटर, ½ इंची चक (बिट पकडणारा जबडा), १.३ च्या दोन बॅटऱ्या. वाईट नाही, पण ५० डॉलर वर टाकून २७७ मध्ये दोन ब्रशलेस टूल्स मिळत असतील तर ७७१ कडे वळूनही बघू नका. डेकचे तीन इंची स्क्रू ड्रिलने मारत बसलात तर मनगट बोलेल आणि स्क्रूची डोकी झिजतील. ते काम इम्पॅक्टचंच.

दोन्ही ड्रिलमध्ये हॅमर मोड नाही. २७७ मधलं ड्रिल डीसीडी ७७७ आहे, त्याचाच हॅमरवाला भाऊ ७७८.

काटकोन:
पाच-सहा भोकांसाठी ७७८ शोधत फिरू नका. जुन्या, कडक झालेल्या काँक्रीटमध्ये छोटं हॅमर ड्रिल नुसतं किंचाळतं, भोक पुढे सरकत नाही. होम डेपोतून एसडीएस-प्लस रोटरी हॅमर (काँक्रीटसाठीचं जोरकस ठोक्यांचं मशीन) चार तासांसाठी भाड्याने आणा, सगळी भोकं एकाच फेरीत उरकतात. ¼ इंची टॅपकॉन स्क्रू (थेट काँक्रीटमध्ये बसणारा) असेल तर बिट ३/१६ चं, ३/१६ चा स्क्रू असेल तर ५/३२ चं. स्क्रू जितका आत जाणार त्यापेक्षा अर्धा इंच खोल भोक पाडा आणि धूळ फुंकून काढा. धूळ राहिली की स्क्रू मध्येच अडकतो आणि मान तुटते. फुंकताना डोळ्यांवर चष्मा.

पटाशी:
हिशेब: २७७ ला १५०, वायरवाली सॉ ७०, म्हणजे २२०. टॅक्स तुमच्या राज्याप्रमाणे. उरलेल्यात १२ गेजची वायर बसते का बघा. ती स्वस्त नसते, म्हणून आधी सॉकेट किती जवळ आहे ते मोजा. २५ फूट पुरत असेल तर तेवढीच घ्या. हॅमरचं भाडं आणि इम्पॅक्टला चालणारी टी२५ (चांदणीच्या आकाराच्या खाचेची) बिट्स धरली की ३०० चा बांध गाठलाच. रिजिडचं किट त्याच किमतीत दिसलं तर तेही बघा. त्यांचा आजीवन सर्व्हिस करार आहे, पण खरेदीपासून ९० दिवसांत नोंदणी करावी लागते. ख्रिसमसची भेट म्हणून दिलेलं किट फेब्रुवारीत उघडलं की नोव्हेंबरच्या पावतीची मुदत संपत आलेली असते.

नवागडी:
सॉकेट डेकच्या दारापाशीच आहे, २५ फूट पुरेल. २७७ आणि वायरवाली सॉ, ठरलं. किट गराजमध्येच ठेवणार आहे, चार्जरही तिथेच भिंतीला. चालेल ना?

गिरमिट:
टूल तिथे ठेवा, चार्जर घरात. ४० अंश फॅरनहाइटच्या खाली चार्ज करायचं नाही असं डीवॉल्टच सांगते. गोठणाऱ्या थंडीत चार्ज केलं की लिथियम सेलच्या आत धातूसारखं साचतं आणि क्षमता कायमची जाते. गारठलेला पॅक घरात आणून तासभर ठेवा, मग लावा.

आणि छोट्या किटांतला डीसीबी १०७ चार्जर १.२५ अँपियरचा असतो. १.३ च्या पॅकला ठीक. पुढे ५ चा पॅक घ्याल तेव्हा तो चार तास घेईल. त्या वेळी डीसीबी ११५ बघा, ४ अँपियरचा आहे. खोकं दुकानातच उघडून बॅटरीवरची तारीखही वाचा. वर्षानुवर्षं फळीवर पडलेला पॅक इतका उतरलेला असू शकतो की चार्जर त्याला ओळखच देत नाही.