वास्तववादी नीती सोडत नाहीत, तिची जागा बदलतात

आंतरराष्ट्रीय राजकारणाकडे सत्ता आणि राष्ट्रहिताच्या नजरेतून बघणारा वास्तववादी माणूस नीतीला दाराबाहेर ठेवूनच आत येतो, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. या विचारधारेचे प्रमुख विचारवंत हान्स मॉर्गेन्थाऊ यांच्या मते परिणाम आधी तोलणारा विवेक हा राजकारणातला सर्वोच्च सद्गुण होता. आपल्या राष्ट्राच्या आकांक्षा म्हणजेच जगाचा नैतिक नियम, हे त्यांनी साफ नाकारलं, आणि म्हणूनच व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला. सप्टेंबर २००२ मध्ये केनेथ वॉल्ट्झ, जॉन मिअर्शायमर, स्टीफन वॉल्ट या वास्तववाद्यांसह ३३ अभ्यासकांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात देऊन इराक युद्ध नको म्हणून सांगितलं. लोकशाही रुजवण्याची उदात्त भाषा तेव्हा युद्ध मागणाऱ्यांच्या तोंडी होती! (देशांचं वागणं जागतिक सत्तेच्या रचनेवरून समजावणाऱ्या वॉल्ट्झच्या सिद्धांतात नीतीला फारशी जागा नाही, हे मात्र मान्य.)

आपल्या मुंबईचंच बघा. २६/११ नंतर तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी तातडीच्या लष्करी प्रत्युत्तराचा आग्रह धरला होता. सरकारने हल्ला केला नाही, आणि तो निर्णय योग्य होता असं मेनन यांनीच पुढे लिहिलं. अण्वस्त्रधारी शेजाऱ्याशी युद्ध पेटलं असतं तर किती जीव गेले असते, हा विचार मला पूर्णपणे नैतिक वाटतो. पण सीएसएमटीवर, कामा हॉस्पिटलच्या गल्लीत ज्यांची माणसं गेली, त्यांच्या न्यायाचं काय? पाकिस्तानातले सूत्रधार त्या हिशेबात निसटले. वास्तववाद्यांना विचारायचंच असेल, तर मी हे विचारेन.