'डिप्लोर'ला मराठीत काय म्हणायचं?

रात्रपाळी: मंडळी, एक शब्द घशात अडकलाय. मी एका दैनिकात रात्रपाळीला एजन्सीच्या इंग्रजी बातम्यांचं मराठी करतो. नव्या मुलीला सरावाला एक जुनी बातमी दिली होती. २ मार्च २०२२, युक्रेनवरच्या आक्रमणाबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव. बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५, त्यात आपण. ती म्हणाली, "सर, ठरावात 'डिप्लोर' आहे आणि आपण छापलंय 'निषेध'. मग 'कंडेम' आला की काय छापायचं?" चहा हातातच निवला. कोशात 'खेद' आणि 'निषेध' शेजारीशेजारी बसलेत. लोकल लेट झाली तरी खेद, रणगाडे घुसले तरी खेद?

निवृत्त मास्तर: मुलगी हुशार आहे, टिकवा तिला. 'डिप्लोर'च्या पोटात लॅटिन 'प्लोरारे' आहे, म्हणजे आक्रोश करणं. 'इम्प्लोर' त्याचीच बहीण, रडून विनवणी. म्हणजे नापसंती आहेच, पण तिला हळहळीचा ओलावा आहे. 'कंडेम' कोर्टातला, दोषी ठरवून शिक्षा सुनावणारा. तो तर आपण कधीच मराठी करून टाकलाय. डेपोत कोपऱ्यात गंजत पडलेल्या एसटीला काय म्हणता? कंडम!

कोकणकडा: मास्तर, कंडम एक नंबर 😄
वापरातली गोम सांगतो. 'डिप्लोर' सहसा कृत्याला लागतो, माणसाला नाही. हिंसाचार 'डिप्लोर' करतात, शेजाऱ्याला नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्पसमर्थकांपैकी निम्म्यांना 'डिप्लोरेबल्स' म्हटलं, शब्द थेट माणसांना चिकटवला. मग त्या लोकांनी तोच टी-शर्टवर छापून मिरवला.
आणि रात्रपाळी, तुमच्या ठरावाच्या पाच दिवस आधीचं बघा. २५ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेतल्या मसुद्यात आधी 'कंडेम' होतं. चीनने विरोधात न जाता तटस्थ राहावं म्हणून ते 'डिप्लोर' केलं, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. ११ मतं बाजूने पडली. चीन, भारत, अमिराती तटस्थ. रशियाने नकाराधिकार वापरून मसुदा पाडला, ते वेगळं. पण एका क्रियापदावर एवढी घासाघीस होते आणि तुम्ही दोन्हींना 'निषेध' लावलात तर ती सगळी पुसली जाते.

सुपारी: 'निंदा' मात्र नको. हिंदी चॅनेलांची 'कडी निंदा' हल्ली आपल्याकडेही झिरपतेय. मराठीत निंदा माणसाच्या पाठीमागे होते. निंदकाचे घर असावे शेजारी म्हणतो ना आपण. 'निषेध' हा मुळात मनाई, विधिनिषेधातला. आता मोर्चात मुठी आवळून करतात तो. 'कंडेम'ला तोच ठेवा, फारच तापलं तर 'धिक्कार'. 'डिप्लोर'ला 'तीव्र नापसंती' कशी वाटते?

रात्रपाळी: सुपारी, अर्थाला ठीक, पण वाचताना शाळेच्या प्रगतिपुस्तकावरचा शेरा वाटतो. आणि मास्तरांची हळहळ त्यात उतरत नाही.
काल मुलीला हा सगळा धागा दाखवला. तिने हेडिंग केलं: 'आक्रमणाबद्दल आमसभेचा कडक शब्दांत खेद, भारत तटस्थ'. 'कडक'मुळे लोकलवाला खेद राहिला नाही. तीन कॉलमांत दोन ओळींत बसलं. खाली छोटी चौकट केली, पाडलेल्या मसुद्याची. त्यातल्या आधीच्या 'कंडेम'साठी 'निषेध' तिथे गेला.